नवीन घरातील चुलीच्या धुराड्याचा मार्ग : स्लॅबपूर्वी सल्ला हवा आहे

तापीकाठ :

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या गावी जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराला लागूनच नवीन आरसीसी घराचे काम सुरू असून विटकाम लिंटेलच्या वर गेले आहे. आता बीम आणि स्लॅबचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा) लागेल. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे. गॅस आहेच, परंतु सरपणाची चूलही घरातच ठेवावी, असे आईचे आणि आम्हा सर्वांचे ठरले आहे. कळण्याची भाकरी आणि भरीत गॅसवर करायचे असेल तर एवढे मोठे स्वयंपाकघर कशाला बांधले, असा आईचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुन्या घरात धाब्याला ठेवलेल्या भोकातून धूर जात असे आणि पाऊस आला की त्यावर मडके पालथे घातले जाई. नवीन घरासाठी दोन मार्ग समोर आहेत. पहिला मार्ग असा की चुलीच्या मागून पूर्वेच्या भिंतीतून पाइप आडवा बाहेर काढावा आणि बाहेरून गच्चीच्या वर न्यावा. दुसरा मार्ग म्हणजे चुलीवरून सरळ स्लॅबमधून वर जाणे. आमचे मिस्त्री पहिल्या मार्गाच्या बाजूने आहेत, कारण स्लॅबला भोक म्हणजे गळतीला आमंत्रण, असे त्यांचे म्हणणे आहे. स्लॅबची उंची १० फूट आहे, गच्चीला ३ फुटांचा कठडा येणार आहे आणि सध्या आखलेल्या चुलीच्या जागेपासून जिन्याची खोली सुमारे ६ फुटांवर पडते. पाण्याची प्लॅस्टिकची टाकीही त्याच बाजूला येईल. पाइप किती इंची असावा, कशाचा असावा आणि कोणता मार्ग घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

ओळंबा :

तापीकाठ, तुम्ही योग्य वेळी विचारले. बहुतेक घरांत हा प्रश्न फरशी बसल्यावर निघतो आणि मग कोअर कटिंगचे यंत्र आणून स्लॅबच्या सळया कापल्या जातात.

माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. धुराड्याची ओढ दोनच गोष्टींवर अवलंबून असते : उभी उंची आणि आतील व बाहेरील हवेच्या तापमानातील फरक. आडव्या पाइपाने लांबी वाढते, परंतु ओढ वाढत नाही. उलट धुराचा वेग तेथे मंदावतो, काजळी तळाशी बसते आणि काटकोनातील प्रत्येक वळण ओढीचा काही भाग खाऊन टाकते. वळण टाळता येत नसेल तर ते ४५ अंशांचे दोन तुकडे जोडून घ्यावे. शिवाय भिंतीबाहेरचा पाइप हिवाळ्यात पहाटे पूर्ण थंडगार असतो, त्यामुळे धुरातील वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश आतून जमतो, आणि तोच पुढे सांध्यांतून ओघळून नव्या रंगावर काळे-तपकिरी पट्टे काढतो. बाहेरचा पाइप उन्हाळ्यात तापतो, ही गोष्ट खरी आहे, पण त्या एका सोयीसाठी बाकीचे आठ महिने सोसू नयेत. घरातून वर जाणारा पाइप उबदार राहतो आणि त्यामुळे ओढ टिकते.

मिस्त्रींची गळतीची शंका रास्त आहे, परंतु तिला उपाय आहे. सेंट्रिंगवर सळई बांधतानाच १२ इंची पाइपाचा तुकडा स्लीव्ह, म्हणजे भोक राखणारे नळकांडे, म्हणून उभा ठेवावा. त्याच्या चारही बाजूंना जादा सळया आणि कोपऱ्यांत तिरप्या सळया द्याव्यात, म्हणजे भोकाच्या कोपऱ्यातून तडे जाणार नाहीत. भोवती ६ इंच उंचीचा कठडा स्लॅबबरोबरच, एकाच मालात ओतून घ्यावा, नंतर वेगळा चिकटवू नये. गच्चीचा कोबा करताना त्या कठड्याला चांगला वाटा (कोपऱ्यातील गोलाकार गिलावा) मारावा. धुराड्याच्या पाइपाला कठड्याच्या वर पत्र्याची छत्री वेल्ड करावी, जी कठड्यावरून चारही बाजूंनी २ इंच खाली उतरेल पण त्याला कोठेही चिकटणार नाही. पाइप तापून लांबतो आणि निवून आखडतो. तो सिमेंटने कायमचा जखडला तर पहिल्याच उन्हाळ्यात तेथे भेग पडते आणि मग गळतीचा दोष भोकावर येतो. पाइप आणि स्लीव्ह यांमधील पोकळीत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरावी. काँक्रीट वर्षानुवर्षे तापत राहणे चांगले नाही, म्हणूनही ही पोकळी आवश्यक आहे.

बीमची जागा मात्र आजच नकाशावर पाहा. चूल भिंतीला टेकून असते आणि भिंतीवर बीम असतो, त्यामुळे पाइप भिंतीला चिकटून सरळ वर नेला तर तो नेमका बीममध्ये शिरतो. बीमला हात लावू नये. पाइपाचा मध्य भिंतीपासून निदान १२ इंच आत घ्यावा, म्हणजे स्लीव्ह बीमच्या कडेपासून सुटी राहील.

गिरणाथडी :

ओळंबा साहेब, पाइप कशाचा ते राहिले. आमच्याकडे सरसकट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप किंवा सिमेंटचा पाइप वापरतात.

ओळंबा :

चुलीच्या लगतच्या भागात दोन्हीही नकोत. जीआयवरील जस्ताचा थर ४१९ अंशांना वितळतो, आणि त्याच्या बराच आधीपासून तो खराब होऊन सुटू लागतो. तापलेल्या जस्ताचा धूर घरात नको. जुन्या निर्धूर चुलींच्या योजनेत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप गावोगाव दिले गेले होते. ते स्वस्त होते, परंतु आच लागून तडकत असत आणि कापताना त्यांची भुकटी छातीला अपाय करणारी असते. चुलीपासून पहिले ३ ते ४ फूट २ ते ३ मिलिमीटर जाडीचा काळा एमएस (माइल्ड स्टीलचा) पाइप आणि त्यावर ३०४ दर्जाचा स्टेनलेस स्टीलचा पाइप, असे करावे. वेल्डरकडे पत्रा वाकवून घेतला तर उभा जोड भिंतीकडे न ठेवता समोर ठेवा, म्हणजे तो सुटला तर दिसेल. पाइपाचे तुकडे एकमेकांत बसवताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जाईल असे बसवावे. बहुतेक जण पावसाच्या पन्हाळ्याचा विचार करून उलटे बसवतात आणि डांबर बाहेर गळते.

उघड्या पाइपापासून प्लाय, लाकूड, पीव्हीसी सीलिंग आणि पडदे १८ इंच दूर असावेत. आजकाल ओट्याखाली मॉड्युलर कपाटे आधी ठरतात आणि चूल नंतर आठवते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

माहेरवाशीण :

येथील चर्चा वाचून एक प्रश्न मनात आला. तापीकाठ भाऊ, तुमच्या आई चुलीवर खापर (पुरणाची पोळी भाजायचे मातीचे मोठे भांडे) ठेवणार आहेत का? कारण भाकरीची चूल आणि खापराची चूल यांना एकच धुराडे चालत नाही.

बंद चुलीत भांडे भोकावर घट्ट बसते, तेव्हाच धूर मागच्या वाटेने पाइपात जातो. खापर पालथे असते, त्याला आच संपूर्ण पोटाला लागावी लागते, आणि त्यासाठी चूल तोंडाशी मोठी, उघडी आणि ज्वाळा बाहेर येतील अशी लागते. हातावर फिरवून वाढवलेली पोळी खापरावर टाकताना बाई चुलीच्या पुढ्यात अगदी जवळ असते. तो धूर पाइपात जात नाही, तो तिच्या तोंडावर येतो. त्यातही आपल्याकडे खापराचा मोठा दिवस म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया). लेकी माहेरी आलेल्या असतात, पुरणाचा आणि आमरसाचा घाट असतो, आणि तो वैशाखात, भर उन्हात असतो. धुराडे बांधणारे लोक हिवाळ्यात चाचणी घेतात आणि धूर छान जातो असे सांगून जातात. त्यांनी आखाजीला दुपारी अकरा वाजता येऊन चुलीपुढे बसावे.

ओळंबा :

ताईंनी मुद्दा अगदी मर्मावर नेला आहे, म्हणून आकडेच मांडतो.

तुमची चूल जमिनीपासून दोनेक फुटांवर आणि धुराड्याचे टोक गच्चीच्या वर ५ फुटांवर धरले तर उभी उंची सुमारे १३ फूट, म्हणजे ४ मीटर होते. बंद चुलीच्या पाइपातील धूर सरासरी १५० अंश सेल्सिअस मानला, तर हिवाळ्यात पहाटे बाहेर १० अंश असताना ओढीचा दाब सुमारे १६ पास्कल (दाबाचे एकक) मिळतो. बाहेर ४५ अंश असताना तोच सुमारे ११ पास्कल उरतो. म्हणजे तिसरा हिस्सा ओढ केवळ उन्हामुळे जाते, तरीही काम चालते.

आता उघड्या चुलीवर छत्र, म्हणजे हूड, बांधल्यास काय होते ते पाहा. हूड धुराबरोबर खोलीतील भरपूर हवाही ओढते, म्हणून धुराड्यातील मिश्रण जेमतेम ६० अंशांचे राहते. १० अंशांच्या पहाटे त्याला ७ पास्कलांहून थोडी अधिक ओढ मिळते, पण ४५ अंशांच्या दुपारी केवळ २ पास्कल. त्यात चूल नुकतीच पेटवलेली असेल आणि विटांचे धुराडे रात्रभर निवून बाहेरच्या हवेपेक्षा थंड असेल, तर ओढ उलटी होते आणि धूर वरून खाली उतरतो. ताईंच्या आखाजीच्या अनुभवाचे कारण हेच आहे. चूल पेटवण्यापूर्वी धुराड्याच्या तळाच्या झडपेतून कागदाचा बोळा किंवा मूठभर वाळल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) पेटवून आधी धुराडे तापवून घेतल्यास हा उलटा प्रवाह मोडतो.

दोन पास्कलांत काम काढायचे असेल तर धुराडे रुंद हवे. हूडच्या उघड्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग धुराड्याला द्यावा आणि उंची १५ फुटांहून कमी असल्यास आठवा, असा ठोकताळा आहे. तोंड ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच धरले तर ते १०८० चौरस इंच होते. आठवा भाग म्हणजे १३५ चौरस इंच, म्हणजे आतून १२ बाय १२ इंचांचे विटांचे धुराडे. बंद चुलीला मात्र ६ इंची गोल पाइप पुरेसा आहे. म्हणून खापर घरात आणि चूल घरात, दोन्ही एकाच ६ इंची पाइपावर, हा विचार सोडून द्यावा. एका धुराड्यात दोन चुलीही जोडू नयेत. एक पेटलेली नसली की तिच्या तोंडातून थंड हवा शिरते आणि दुसरीची ओढ मारते.

तापीकाठ :

माहेरवाशीण ताई, आईला आपली प्रतिक्रिया वाचून दाखवली. खापर ठेवणार आहेच, आणि तेही घरात नाही तर मागच्या पडवीत, असे तिने परस्पर जाहीर केले. पडवीत तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रे येणार आहेत. मग हूड पडवीत बांधावी का? स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीलाच पडवी लागून आहे, त्यामुळे दोन्ही चुली पाठीला पाठ लावून येतील.

ओळंबा :

आईंनी आमच्यापेक्षा लवकर निर्णय केला. पडवीत हूड बांधल्यास मी विटांच्या धुराड्याला वेगळा पाया देईन, आणि यावर कृपया तडजोड करू नये. आतून १२ बाय १२ आणि साडेचार इंची भिंतीचे धुराडे प्रत्येक फुटाला शंभर किलोंहून अधिक भरते. १४ फुटांचे धुराडे दीड टनाच्या वर जाते. हे वजन स्लॅबवर किंवा पडवीच्या ओट्यावर ठेवता येत नाही. तुमच्याकडे काळी जमीन असणार. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा आणि घराच्या भिंतीशी धुराडे बांधून न घालता अर्धा-पाऊण इंचाची फट ठेवावी. दोन्ही पाये वेगळे हालचाल करतात. भिंतीत विटा अडकवल्या तर तिरपा तडा पहिल्याच वर्षी दिसतो. पत्र्यातून धुराडे जाते तेथे लाकडी वासे असतील तर तेही दूर सरकवा.

हूडची उतरण निदान ४५ अंशांची असावी, सपाट हूडखाली धूर साचतो. खालची कड पोळी टाकणाऱ्या बाईच्या डोक्याला लागणार नाही इतकीच उंच ठेवावी, अधिक नको. हूड चुलीच्या दोन्ही बाजूंना सहा सहा इंच पुढे यावी. खापराचा व्यास आणि आईंच्या बसण्याची जागा आधी जमिनीवर खडूने आखून मगच माप घ्या.

सातपुड्याचा_पायथा :

मी यावल तालुक्यातील आहे. माझ्या शेजारच्या एका घराला धुराडे छान आहे, ओढही उत्तम आहे, परंतु त्याच्या पश्चिमेला आठ-दहा हातांवर कडब्याची गंजी लावलेली असते. आपल्याकडे पऱ्हाट्या जाळण्याची सवय आहे आणि पऱ्हाट्या भडकून जळतात, त्यांच्या ठिणग्या हलक्या असतात व ओढ चांगली असेल तर त्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणून टोकाला अर्धा इंची चौकटीची जाळी लावावी. बारीक जाळी लावू नये, ती काजळीने बुजते आणि मग सगळा दोष चुलीला दिला जातो. गंजी आणि गोठ्याचे छप्पर धुराड्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला येणार नाही, असे पाहावे.

पऱ्हाट्यांविषयी आणखी एक. घराजवळ त्यांचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवल्यास गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून शेतीच्या दृष्टीनेही त्या वेळेवर संपवणे बरे. चुलीसाठी फोडून वाळवलेले बाभळीचे सरपण अधिक योग्य. लाकडात पाणी २० टक्क्यांहून अधिक असेल तर धूर थंड, ओला आणि डांबरी होतो, आणि पाइपाच्या कोणत्याही दर्जाने ते दुरुस्त होत नाही.

वाऱ्याबद्दलही लिहितो. तापीचे खोरे पश्चिमेला मोकळे आहे, त्यामुळे पावसाळ्यात वारा जोराचा येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही उगाच नाहीत. धुराड्याच्या टोकावर नुसती टोपी न ठेवता चारही बाजू उघड्या असलेली टोपी ठेवा, आणि टोपीची तळकड व पाइपाचे तोंड यांत पाइपाच्या व्यासाइतके तरी अंतर असू द्या.

माहेरवाशीण :

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगते. जिन्याची खोली धुराड्यापासून ६ फुटांवर आहे, असे भाऊंनी पहिल्या नोंदीत लिहिले आहे. आमच्या एका नातेवाइकांकडे अशीच रचना आहे आणि पश्चिमेचा वारा खोलीवर आपटून धुराड्यात शिरतो, तेव्हा संपूर्ण घरात धूर होतो. टोपी बदलून फरक पडला नाही.

ओळंबा :

ते तसेच होणार. धुराडे गच्चीतून बाहेर पडते तेथून टोक निदान ३ फूट वर असावे, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच आहे त्याहून निदान २ फूट वर असावे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. जिन्याची खोली गच्चीपासून ८ फूट उंच असेल तर ६ फुटांवरच्या धुराड्याला १० फूट वर न्यावे लागेल, आणि मग तारांचे ताण, वादळात डोलणारा पाइप, हे सर्व आले. त्यापेक्षा चूल त्याच भिंतीवर दुसऱ्या टोकाला सरकवून जिन्याच्या खोलीपासून ११-१२ फुटांवर न्यावी. मग विचार केवळ ३ फुटांच्या कठड्याचा उरतो, आणि गच्चीपासून ५ फूट पुरतात. टाकीची जागाही बदला. प्लॅस्टिकची टाकी धुराड्याच्या शेजारी ठेवू नये, आणि पुढे सौर पॅनेल बसवायचे असतील तर तेही वाऱ्याच्या दिशेने काजळीच्या रस्त्यात येणार नाहीत असे पाहा.

गिरणाथडी :

आमच्या घरी स्वयंपाकघरात चुलीच्या समोरच्या भिंतीत एग्झॉस्ट पंखा आहे. तो लावला की धूर चुलीच्या तोंडातून बाहेर येतो. हे का होते?

ओळंबा :

पंखा खोलीतील हवा बाहेर ढकलतो, आणि ती भरून काढण्यासाठी हवा सर्वांत सोप्या वाटेने आत येते. खिडक्या-दारे बंद असतील तर ती वाट म्हणजे धुराडे. पंख्याचा दाब १०-१५ पास्कलांच्या ओढीला सहज हरवतो. नवीन घरांच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आपल्या जुन्या दारांपेक्षा फार घट्ट बंद होतात, म्हणून जुन्या घरात कधी न आलेली ही अडचण येथे येते. चूल पेटलेली असताना पंखा बंद ठेवावा आणि चुलीच्या जवळच्या भिंतीत जमिनीलगत ६ बाय ६ इंचांची जाळीची खिडकी कायम उघडी ठेवावी. हिवाळ्यात थंडी लागते म्हणून तिच्यावर गोणपाट ठोकू नये. निखारे विझत आले तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होत राहतो, त्याला रंग नाही आणि वास नाही.

तापीकाठ :

सर्वांचे आभार. मिस्त्रींसोबत बसून खालीलप्रमाणे ठरवले आहे. बंद दोन तोंडांची चूल, म्हणजे मुख्य भोक आणि वैल (त्याला जोडलेले लहान भोक), स्वयंपाकघरात भिंतीच्या दुसऱ्या टोकाला येईल आणि तिचा ६ इंची पाइप सरळ स्लॅबमधून जाईल. खापराची चूल पडवीत, तिला वेगळ्या पायावरचे विटांचे धुराडे. टाकी पश्चिमेला हलवली. ठरवताना मिस्त्रींचा रुसवा काढावा लागला, पण कठडा स्लॅबबरोबर ओतायचा हे त्यांनाही पटले.

एक प्रश्न उरतो. पुढे पाच-सात वर्षांनी वर मजला चढवण्याचा विचार आहे. तेव्हा पाइपाचे काय करावे? आणि सफाईसाठी आत्ता काही सोय ठेवावी का?

ओळंबा :

वरचा मजला चढल्यावर उंची वाढून ओढ सुधारते, परंतु तो पाइप तेव्हा राहत्या खोलीतून जाईल. म्हणून वरच्या मजल्याच्या नकाशात त्या जागी कपाट किंवा शयनगृह न ठेवता जिन्यालगतची मोकळी जागा ठेवा आणि पाइपाभोवती तेथे विटांचे आवरण घ्या. आत्ता गच्चीवरील भाग फ्लँजच्या (पाइपाच्या टोकावरील चकतीच्या) बोल्टांनी जोडा, वेल्ड करू नका, म्हणजे पुढे मधला तुकडा चढवता येईल.

सफाईसाठी चुलीच्या मागे पाइप जेथे उभा होतो तेथे टी जोड घ्या. टीचे खालचे तोंड निदान ६ इंच लांब ठेवून त्याला झाकण द्या, म्हणजे काजळी चुलीत न पडता तेथे साचेल. झाकणाच्या पुढे हात आणि टोपले जाईल एवढी जागा सोडा. चूल रोज पेटणार असेल तर महिन्यातून एकदा झाकण उघडावे आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, टोपी काढून दोरीला काथ्याचा बोळा बांधून तो वरून खाली ओढावा. टोपी त्यासाठी चावीने सुटणारी हवी. स्लॅबच्या दिवशी स्लीव्ह मालाच्या दाबाने कलते, म्हणून ती सळयांना तारेने चारही बाजूंनी बांधा, आतून वाळूने भरलेली पोती ठेवा, आणि व्हायब्रेटर फिरल्यानंतर चुलीच्या मध्यावर ओळंबा पुन्हा सोडून पाहा.